सांडव्यातली जाळी

नायगाऱ्यासमोर मामा दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी भरपूर आहे. पुढे?" उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. त्यामुळे मामा-मामी पिट्सबर्गला आमच्याकडे आले तेव्हा शनिवारी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराचं दर्शन उरकलं आणि रविवारी त्यांना एक फुटलेलं धरण दाखवायला निघालो.

"धड असलेली नाहीत का इथे?" मामींनी दशम्या बांधता बांधता विचारलं.

साऊथ फोर्कचं धरण पिट्सबर्गच्या पूर्वेला दीडेक तासावर आहे. वाटेत अ‍ॅलेगेनीचे डोंगर. सह्याद्रीची सवय असलेल्यांना ते डोंगर कमी आणि उशा जास्त वाटतात. टेकाडावर कोठारासारख्या आकाराचं माहिती केंद्र आहे, त्याच्या शेजारी जुनं पांढरं शेतघर. तिथून खाली बघितलं तर हिरवं खोरं, झाडी, मधून जाणारी किरकोळ नदी, रेल्वेचा रूळ आणि लांबवर सेंट मायकल नावाचं गाव. ते गाव तळ्याच्या तळाशी वसलंय, म्हणजे पूर्वी जो तळ होता तिथे. मामी बराच वेळ पाणी शोधत होत्या.

धरणाचे दोन खांदे मात्र अजून आहेत. मधला भाग गेलाय, त्या खिंडारातून नदी आणि रूळ दोन्ही जातात. गवताळ पायवाटेनं खांद्याच्या टोकापर्यंत जाता येतं. मामा कठड्याशी गेले आणि इथलं काही उचलायचं नसतं हे मी सांगेपर्यंत उकिडवे बसून त्यांनी चिमूटभर माती घेतलीसुद्धा. थुंकी लावून बोटांत वळली.

"चिकण आहे. मूळचं काम चांगलं असणार."

होतंच. पेनसिल्व्हेनिया राज्यानं हे धरण कालव्याला पाणी पुरवायला बांधलं, १८५३ मध्ये पुरं केलं. चिकणमातीचे थर पाणी घालून, दाबून, बसवून घेतलेले. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट, पायथ्याशी पाणी सोडायला पाच बिडाचे नळ आणि एका बाजूला खडकात खोदलेला सांडवा, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी निघून जायची वाट. आपल्याकडच्या पानशेत-पवनेच्या हिशेबात लहानच. पण धरण पुरं होईतो रेल्वे आली, कालव्याची गरज संपली आणि धरण बेवारशी झालं. १८६२ मध्ये मोरीपाशी भगदाड पडून तळं ओसरलं, तेव्हा कोणी फारसं लक्षही दिलं नाही. पुढच्या एका मालकानं ते पाच नळ काढून भंगारात विकले.

"नळ काढले?" मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच विकले. "मग पाणी उतरवायचं कसं?"

उतरवायचं नव्हतंच. १८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या माणसानं ही जागा घेऊन पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन. पिट्सबर्गच्या धुरातून सुटून उन्हाळ्यात इथे यायचं, दोन मैल लांब तळ्यात होड्या फिरवायच्या. त्यांच्या ४७ खोल्यांच्या क्लबघराची इमारत सेंट मायकलमध्ये अजून उभी आहे. भगदाड बुजवलं ते माती, दगड, झाडाच्या फांद्या, गवत आणि लीद घालून. धरणमाथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोनतीन फूट खाली घेतला. आणि विकत आणून सोडलेले बास मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या बसवल्या.

इथे मामा खाली बसले ते उठेनात. मातीच्या धरणाचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर असतं, ते सांगू लागले. पाणी माथ्यावरून जाता कामा नये. दगडी धरणावरून गेलं तर एखाद्वेळी निभावतं, मातीचं धरण काही तासांत खरवडून निघतं. म्हणून सांडवा मोकळा आणि माथा सांडव्यापेक्षा चांगला उंच. "इथे माथा खाली आणला, सांडव्याला बूच मारलं, खालचे नळ विकले. तीन कामं, तिन्ही हौसेपायी." वर बुजवलेला मधला भाग हळूहळू खचत होता, म्हणजे पाणी चढलं की पहिल्यांदा तिथूनच जाणार.

धरणाखालच्या खोऱ्यात जॉन्सटाऊन नावाचं गाव आहे. तिथे कोणाला शंका आली नव्हती असं नाही. तिथल्या केंब्रिया लोखंड कंपनीनं १८८० मध्ये आपला माणूस पाहणीला पाठवला. त्यानं नळ नाहीत, दुरुस्ती कच्ची आहे, असं कळवलं. तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही, असं रफनं उत्तर धाडलं. गावकऱ्यांना मग दर पावसाळी हवेला 'धरण फुटणार' ऐकायची सवय झाली आणि त्याचे विनोद होऊ लागले.

३१ मे १८८९. रात्रभर पाऊस कोसळला होता. क्लबचे अध्यक्ष उंगर सकाळी उठले (ते पांढरं शेतघर त्यांचंच) तर तळं काठोकाठ. क्लबच्या सांडपाण्याच्या कामावर इटालियन मजूर होते, त्यांना माथ्यावर माती चढवायला लावलं, दुसऱ्या बाजूला नवा सांडवा खणायला घेतला. जाळ्या काढायला गेले तेव्हा त्या पालापाचोळ्यानं आणि ओंडक्यांनी गच्च बसल्या होत्या.

"पानशेतलाही आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचली होती," मामा म्हणाले.

मामा तेव्हा दहा वर्षांचे, पुण्यात शनिवार पेठेत राहायचे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं आणि दुपारी खडकवासलाही गेलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण दर वेळी ती वाड्याच्या जिन्यापासून सुरू व्हायची, किती पायऱ्या बुडाल्या तिथून. त्या दिवशी पहिल्यांदाच मामांनी ती धरणापासून सांगितली. काम अर्धवट असताना अडवलेलं पाणी, खालून पाणी सोडायचा, पुरा न झालेला विमोचक, वरून खचत गेलेला भराव. मग जरा थांबून म्हणाले, "आईनं तांदळाचा डबा उघडला तर वर गाळाची साय होती. नुसती बोटानं उचलावी अशी." मामी म्हणाल्या, हे आपण चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही.

इथलं धरण दुपारी तीनच्या सुमारास गेलं. चौदा मैलांचं वळणावळणाचं खोरं कापून लोंढा ४ वाजून ७ मिनिटांनी जॉन्सटाऊनवर आदळला, वाटेतली घरं, पूल, इंजिनं आणि तारेच्या कारखान्यातली काटेरी तारेची भेंडोळी घेऊन. जॉन हेस नावाच्या इंजिन ड्रायव्हरनं शिट्टीची दोरी बांधून ठेवली आणि इंजिन उलटं पळवत लोकांना सावध केलं. बऱ्याच जणांना ती शेवटची सूचना. मेलेले २,२०९.

जॉन्सटाऊनला उतरलो तेव्हा भर दुपार होती. दगडी रेल्वेपूल अजून वापरात आहे. याच्याच कमानींना सगळा मलबा अडला, त्यात माणसं अडकली आणि वर आग लागली. आम्ही पुलाखाली फार थांबलो नाही. पुराचं संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती गावाची जुनी लायब्ररी. बांधून दिली कार्नेगीनं, पुरानंतर. क्लबवर खटले झाले, पण कोणालाही भरपाई मिळाली नाही, ही दैवी आपत्ती ठरली.

"देवाची करणी आणि नारळात पाणी," मामा म्हणाले. "जाळी काय देवानं लावली?"

अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनं १८९१ मध्ये अहवाल काढला, की माथा खाली घेतला नसता तरी धरण फुटलंच असतं. अलीकडच्या अभ्यासकांनी आकडेमोड करून ते खोडलंय. मामांना दोन्हीचं काही नवल वाटलं नाही. चौकशीचे अहवाल त्यांनीही वाचलेत.

वर डोंगरावर ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या ७७७ जणांसाठी पांढऱ्या संगमरवराच्या पाट्या ओळीनं लावल्यात. नाव एकावरही नाही. मामी दोन ओळी चालल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

परतताना भुकेनं जीव जायला लागला म्हणून रस्त्यालगतच्या एका लहानशा तळ्याशी थांबलो. मातीचाच बांध, गवत कापलेला, लाकडी बाकं, गळ टाकून बसलेली दोन पोरं, बाजूला रेडिओ. मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. मामा कुठे दिसेनात. बघतो तर बांधावरून थेट पलीकडच्या टोकाला गेलेले, कठड्यावर वाकून खाली बघतायत. चांगल्या दहा मिनिटांनी आले, हात पुसले.

"मोकळा आहे," म्हणाले, आणि दशमी घेतली.