हॅलोविनच्या रात्री नागपुरात बडग्या

माझा वाढदिवस 1 नोव्हेंबरचा. साताऱ्यात लहानपणी या तारखेला काही विशेष वाटायचं नाही. बरेचदा दिवाळीची सुट्टी चालू असायची आणि शाळेत चॉकलेटं वाटायची राहून जायची. पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं की आदल्या रात्री हॅलोविन असतो, आणि क्लबांमधली ती पार्टी ऐन रंगात आलेली असताना बारा वाजतात आणि माझा वाढदिवस सुरू होतो. चार वर्षं मी तो कोरेगाव पार्कात नाहीतर बाणेरला असाच साजरा केला. काळे कपडे, ओठाच्या कोपऱ्यातून लाल रंगाचा ओघळ, की झालं सोंग.

यंदा तीस पूर्ण होणार होती. जूनमध्ये नोकरी गेली होती, सप्टेंबरात दुसरी मिळाली, आणि मधले तीन महिने कसे काढले ते मी घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही. माझी जुनी रूममेट दोन वर्षांपूर्वी नागपूरला परत गेली. तिचा फोन आला. ‘इकडे ये न बे, तिथं एकटी काय करून राहिली?’ मी त्याच रात्री तिकीट काढलं.

पुणे–अजनी वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. 881 किलोमीटर अंतर, साधारण बारा तास. सकाळी लवकर पुणे सोडलं, मनमाडला चहा घेतला, भुसावळनंतर झोप लागली. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंनी कपाशी होती आणि आभाळ गच्च भरलेलं होतं. फुटलेल्या बोंडांवर पाऊस म्हणजे काय असतं, हे शेजारच्या काकांनी एका वाक्यात सांगितलं आणि मग ते वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

मैत्रिणीचं घर महालात, जुन्या पद्धतीचं, मागे अंगण असलेलं. आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक भलामोठा लाल भोपळा. त्याला नागपुरात कोहळं म्हणतात. आमच्याकडे कोहळा म्हणजे पांढरा, पेठ्याचा, त्यामुळे पहिली दहा मिनिटं काकू आणि मी वेगवेगळ्या भाज्यांबद्दल बोलत होतो. मैत्रिणीला त्याचा हॅलोविनचा दिवा करायचा होता. तिनं सुरी उचलली तशी काकू म्हणाल्या, ‘थांब. अख्खं कोहळं बाईनं कापू नये. बाबांना बोलाव.’ काका आले, पहिला काप त्यांनी दिला, मग सुरी आमच्या हातात. हा रिवाज आमच्या घरीही आहे. आजी शेजारच्या मुलाला हाक मारून भोपळ्यावर पहिली सुरी टेकवून घ्यायची. मला तो पटतो असं नाही, पण त्या संध्याकाळी त्यावर वाद घालावासा वाटला नाही.

गर काढता काढता मी काकूंना हा दिवा आला कुठून ते सांगत होते. आयर्लंडकडच्या केल्टिक लोकांचा साविन नावाचा सण होता. सुगी संपायची, हिवाळा लागायचा, आणि त्या रात्री मेलेल्यांची या जगाकडे ये-जा असते अशी समजूत होती. दिवे तेव्हा सलगमचे कोरायचे. 19व्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, मग तोच रूढ झाला. काकू सगळं ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांचा पितृपक्षच की.’ आणि गराचं पातेलं त्यांनी झाकून आत ठेवलं. ‘हे टाकायचं नाही. उद्या बोंडं करू.’

सोंगाचा प्रश्न जास्त वेळ चालला. मैत्रिणीच्या डोक्यात पिवळी मारबत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. पिवळी मारबत 1885 पासून निघते, काळी त्याच्याही आधीपासून. बांबू, कागद, कापडाचे प्रचंड पुतळे असतात. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते आणि मग त्यांना नेऊन जाळतात. लोक ओरडतात, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ सोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्यांच्या अंगावर पाट्या लावलेल्या असतात, महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, त्या वर्षी जे जे लोकांना जाचलं त्या सगळ्याच्या. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बांकाबाई, असं इथले लोक सांगतात. मी ही मिरवणूक कधी पाहिलेली नाही. पण मैत्रीण सांगत असताना तिचा आवाज ज्या तऱ्हेनं चढला, त्यावरून पुढच्या पोळ्याला मी इथं असणार हे ठरलं.

मारबतीला मात्र काकूंनी साफ नकार दिला. ‘लोक तिच्यासमोर लेकरं आणून ठेवतात. तिला दारूच्या जागी न्यायची नाही.’ आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून आम्ही दोघी गप्प झालो. मला ते योग्यच वाटलं. कुणाची श्रद्धा आपल्या एका रात्रीच्या मजेसाठी उचलायची नसते. मग काकाच म्हणाले, ‘बडग्या करा न. बडग्या तर असतोच टीका करायले.’

दीड तास आम्ही अंगणात बसलो. जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, खोक्यांचे पुठ्ठे, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांची माळ, थोडा पेंढा. मैत्रीण एक बडग्या, मी दुसरा. पाट्या मात्र आपापल्या लिहायच्या ठरल्या. मी मार्कर घेऊन बराच वेळ नुसती बसले. मग लिहिलं: ‘मीटिंगला ये, एचआर पण आहे.’ दुसऱ्या पुठ्ठ्यावर: ‘सध्या काय करतेस?’ तिसऱ्यावर: ‘तीस झाली, आता तरी बघ.’ त्या तीन महिन्यांत मला सर्वांत जास्त लागलेली ही तीन वाक्यं होती. काका पाठीमागून वाचत होते. काही बोलले नाहीत, मोठा पुठ्ठा तेवढा आणून दिला.

रात्री नऊला निघालो. गाडी मैत्रिणीचा मावसभाऊ चालवणार होता. तो तेवीस वर्षांचा. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि हार्ड लिकरला पंचवीस वय लागतं, पण त्यानं बिअरही घेणार नाही असं आधीच जाहीर केलं होतं. रात्री क्लबला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी एकच सांगेन: परत कसं यायचं ते आधी ठरवा, कपडे मग.

धरमपेठेकडच्या पहिल्या ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. फक्त जोडप्यांना प्रवेश, दोन मुली आणि एक मुलगा चालणार नाही. हा नियम बऱ्याच शहरांत असतो आणि दर वेळी मला त्याचा तितकाच राग येतो. मैत्रिणीसोबत वाढदिवस करायला आलेल्या बाईनं आधी जोडीदार का दाखवायचा?

वर्धा रोडवरच्या दुसऱ्या जागी मात्र दारावरचा माणूस आम्हाला बघून हसायलाच लागला. ‘बडग्या आहे का, ताई?’ चार वर्षं पुण्यात मी भूत होऊन गेले, तिथल्या दारावर माझ्या सोंगाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यानं फक्त पेंढा गाडीत ठेवायला लावला. आत दिवे गरम होतात, आग लागू शकते म्हणाला. बरोबरच होतं ते. बंद जागा, एवढी गर्दी, आणि सजावट सगळी कापसाच्या कोळिष्टकांची. आत गेल्यावर मी सवयीनं बाहेर पडायचे रस्ते बघून ठेवले. दोन होते, दोन्ही मोकळे होते.

आतली हॅलोविनची सजावट सगळीकडे असते तशीच: प्लास्टिकचे सांगाडे, धूर, लाल दिवे. माणसं मात्र वेगळी होती. व्हँपायर आणि नन होत्याच, पण पांढऱ्या साडीतली एक हडळ आली होती. तिनं टाचांना पुठ्ठ्याचे पंजे शिवले होते, त्यामुळे ती नाचताना पावलं खरोखर उलटी दिसत होती. शेंडी, जानवं आणि सोट्यासह एक मुंज्या होता. तो आमच्या पाट्या वाचायला आला आणि ‘सध्या काय करतेस’पाशी थांबला. ‘ताई, हे माझ्याही गळ्यात टाका न.’ त्याची स्पर्धा परीक्षेची चौथी खेप चालू होती. मैत्रिणीनं पर्समधून मार्कर काढला. मग आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी. टिश्यू पेपरवर, बिलांच्या मागे, लोक लिहून देत होते आणि आम्ही ते सुतळीत अडकवत होतो. ‘ईएमआय.’ ‘बायोडाटा.’ ‘बाबांची शुगर.’ एका मुलीनं फक्त एक नाव लिहिलं आणि घडी घालून दिलं. ते आम्ही तसंच मिटलेलं लावलं.

बारा वाजले. डीजेनं गाणं थांबवून माझं नाव पुकारलं, केक आला, मेणबत्ती विझवली. आणि कुठूनतरी, बहुतेक त्या मुंज्याच्या टोळक्यातून, हाळी आली, ‘ईडा, पीडा...’ पुढचं साऱ्या फ्लोअरनं उचललं. ‘घेऊन जा गे मारबत!’ दोन-तीनशे लोक असतील. खाली डीजेचा बेस नव्हता, फक्त गळे होते. मी हातात सुरी धरून उभी होते आणि मला रडू आलं. मैत्रिणीनं बाटल्यांच्या माळेसकट मला मिठी मारली, त्यामुळे फोटोत आमचे चेहरे नाहीत, फक्त बाटल्या दिसतात.

दीडच्या आत बाहेर पडलो. मावसभावानं गाडी मुद्दाम सदरकडून घेतली. तिथं ऑल सेंट्स कॅथेड्रल अंधारात शांत उभं होतं. हॅलोविन या शब्दाचा अर्थच मुळी सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. 1 नोव्हेंबर हा त्या संतांचा दिवस, म्हणजे या चर्चच्या नावाचा दिवस आणि माझा वाढदिवस एकच. एवढी वर्षं मी आदली रात्र साजरी केली, ज्याच्यासाठी ती असते तो दिवस कधी लक्षातच घेतला नव्हता. आम्ही काच खाली करून जरा वेळ थांबलो. हवा ओली होती.

सकाळी काकांनी उठवलं. ‘आजच्या तारखेला 1956 साली आपल्या नागपूरचा राजधानीचा मान गेला,’ म्हणाले, ‘पण तू आलीस, ठीक आहे.’ अंगणात बंब पेटवायची तयारी होती. शेजारी रात्रीचे दोन्ही बडगे ठेवलेले, बाटल्या काढून घेतलेल्या. ‘पेटव तू,’ काका म्हणाले. मी आधी माझे तीन पुठ्ठे आत सरकवले, मग टिश्यू, बिलं, आणि ती घडी, न उघडता. कागद भराभर पेटले, पुठ्ठ्यांना वेळ लागला.

त्या पाण्यानं न्हाऊन आले तेव्हा काकू कढईत कोहळ्याची बोंडं सोडत होत्या. गूळ, कणीक, वेलची, आणि कालचा तो गर. खिडकीत दिवा अजून होता, एका रात्रीत त्याचं तोंड जरासं आत वळलेलं. काकूंनी पहिलं बोंड त्याच्यापुढे ठेवलं, दुसरं माझ्या ताटात.