बॉटल केजखालचा फोड: काम कुठवर आलं

माझ्या सायकलच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या डाउन ट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरक्या नळीवर, बॉटल केजच्या (बाटली अडकवायच्या पिंजऱ्याच्या) वरच्या स्क्रूला लागून, तांदळाएवढा फोड होता. वर्षभर तो दिसत होता आणि वर्षभर मी काणाडोळा करत होते. ॲल्युमिनियम गंजत नाही, हे आपण एकमेकांना इतक्या वेळा ऐकवतो की शेवटी आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. परवा केज काढला, फोडावर नख दाबलं, तर रंगाचा पापुद्रा कर्र करून फुटला आणि खालून पांढरी भुकटी सांडली.

पहिला दिवस. प्लास्टिकच्या पट्टीने सैल रंग उचलत गेले. तांदळाएवढ्या फोडाखाली दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब भाग पोकळ निघाला. त्याच्या कडेने केसासारख्या बारीक, नागमोडी रेषा, भिंतीवर वाळवीने माती चढवावी तशा. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात. रंगाला गेलेल्या बारीकशा चिरेतून क्षार आणि ओल आत शिरते. रेषेच्या टोकाशी आम्लधर्मी ओलावा असतो, तो रंगाखालून पुढे सरकतो आणि मागे कोरडी भुकटी सोडत जातो. म्हणून फोड दिसतो तेवढाच खरवडून भागत नाही. रंग घट्ट धरून बसलाय तिथपर्यंत जायचं आणि वर अर्धा इंच चांगला रंगही काढायचा. जिवावर येतं, पण माझी शेवटची रेषा त्या अर्ध्या इंचातच सापडली.

सुरुवात कुठून झाली हे स्क्रूनेच सांगितलं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, त्याच्या डोक्याने कापलेला रंग, आणि बाटलीतून ओघळणारं मीठ-साखरेचं पाणी. दोन धातू, मध्ये खारं पाणी. अशा जोडीत झिजायचं ते ॲल्युमिनियमनेच.

इथे एक घोळ घातला. हाताच्या सवयीने लोखंडी तारेचा ब्रश उचलला आणि दोन मिनिटं मस्त घासलं. मग लक्षात आलं. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कण म्हणजे नवा स्टीलचा स्क्रूच. तेवढा सगळा भाग पुन्हा पॉलिश पेपरने, आधी १२० आणि मग त्याहून बारीक २४० नंबरच्या, उघडा करावा लागला. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरायचा विचार कोणी करत असेल तर आधीच सांगते, नको. तो रंगाबरोबर धातूही खातो.

दुसरा दिवस खड्ड्यांचा. भिंगातून पाहिलं तर काही खड्ड्यांच्या तळाशी काळा ठिपका. म्हणजे आत अजून घाण आहे. एकेक ठिपका टोकदार बांबूच्या काडीने आणि गुंडाळलेल्या पेपरच्या टोकाने साफ केला. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. व्हर्नियरच्या शेपटीने (खोली मोजायच्या दांडीने) मोजलं तर बहुतेक खड्डे ०.१ ते ०.२ मिमी, एक जेमतेम ०.३. बटेड ट्यूबची, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळीची, भिंत मधल्या भागात १ मिमीच्या आसपासही असू शकते, त्यामुळे ०.३ मला आवडलेलं नाही. त्यात ॲल्युमिनियमला थकव्याची (वारंवार ताण येऊन कमजोर होण्याची) सुरक्षित मर्यादा नसते, आणि चीर सुरू व्हायला असा खड्डा आयती जागा. म्हणून चिरा दाखवणारं डाय पेनेट्रंट मारलं: लाल रंग, थांबणं, पुसणं, वर पांढरा डेव्हलपर. लाल ठिपके उमटले, ते खड्डेच. लाल रेघ एकही नाही. वेल्डपासून लांब, रेघ नाही, म्हणून फ्रेम ठेवतेय. हेच वेल्डला लागून असतं तर लांबी (पुट्टी) भरून झाकलं नसतं. लांबीने खड्डा बुजतो, ताकद येत नाही.

तिसरा दिवस. आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी: एकाने ओलं पुसायचं, दुसऱ्याने लगेच कोरडं. पुसून झाल्यावर मीच त्यावर अंगठा ठेवला, की पुन्हा पहिल्यापासून. घासल्यावर तासाभरात दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारला. एच प्रायमर (आम्ल असलेला प्रायमर) मुद्दाम टाळला, कारण वर पॉलिस्टर लांबी भरायची होती आणि खाली आम्ल असलं की ती नीट धरत नाही. लांबी पातळ दोन हातांत भरली, घासली, पुन्हा प्रायमर. रंगाची छटा जुळलेली नाही. केजखाली जाईल, चालेल.

जोडताना स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावणार आहे.

ते आजच करायचं होतं. पण फ्रेम स्टँडवर उलटी केली तेव्हा सीट क्लॅम्पच्या खाली आणखी एक फोड दिसला. हा वेल्डवरच आहे. पेनेट्रंटचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.