अख्खी खरपुडी

स्वित्झर्लंडमध्ये, बर्नमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कपडे धुवायची खोली तळघरात आहे आणि प्रत्येक घराला तिचा वार ठरलेला आहे. आमची पाळी संपली की पहिल्या मजल्यावरच्या आजींची सुरू व्हायची. वाळलेले मोजे गोळा करता करता आमची ओळख झाली. बर्नच्या बोलीत परक्या माणसाला आदराने ‘दिर’ म्हणतात. म्हणजे सरळ अनेकवचन, आपल्या ‘तुम्ही’सारखं. पुस्तकी जर्मनमधला ‘झी’ माझ्या जिभेवर कधी बसला नाही, पण हा ‘दिर’ पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. तर आजींनी एकदा मोज्यांच्या ढिगावरून विचारलं, “तुम्ही घरी रोश्टी करता का?” रोश्टी म्हणजे बटाट्याच्या किसाची, तव्यावर खमंग भाजलेली इथली जाड भाकरी.

मी छाती फुगवून म्हटलं, “करतो की!”

करत होतो, खरंच. कच्चे बटाटे किसायचे, पाण्यातून काढायचे, घट्ट पिळायचे, तुपात जिरं-मिरची तडतडली की वर घालायचे आणि परतत बसायचं. चव झकास. फक्त ती रोश्टी नव्हती, बटाट्याचा कीस होता. नावाचा उच्चारही माझा चुकत होता. ओठ ‘ओ’सारखे गोल करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचं, तेव्हा कुठे तो पहिला स्वर निघतो. मी आपलं ‘रोश्टी’च म्हणतो. आजी समजून घेतात.

शनिवारी सकाळी पिशवीभर बटाटे घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. पिशवी हिरव्या खुणेची होती, म्हणजे बरोबर होती. इथल्या दुकानात हिरवी खूण म्हणजे शिजल्यावर घट्ट राहणारा बटाटा आणि निळी म्हणजे पिठूळ, भरताच्या कामाचा. आजींनी एक बटाटा हातात घेऊन दाबून बघितला.

“कधी उकडलेत?”

“उकडायचेत अजून.”

“मग उद्या या.”

आणि दार लावलं. रागाने नाही, अगदी सहज.

बर्नच्या रोश्टीची सुरुवात आदल्या रात्री होते. सालीसकट उकडलेल्या बटाट्यांना इथे ‘ग्श्वेल्टी’ म्हणतात. रात्री ते चीजबरोबर खातात आणि उरलेले थंडीत ठेवून देतात. रात्रभरात आतला स्टार्च आवळून घट्ट होतो, म्हणून सकाळी जाड किसणीवर लांब लांब, सुटे धागे पडतात. गरम बटाटा किसला तर नुसता लगदा. हे कळल्यावर मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. फोडणीचा भात ताज्या वाफाळत्या भाताचा करत नाहीत, हे मी आठव्या वर्षापासून जाणतो. बटाट्यालाही शिळं व्हायचा हक्क असतो, एवढंच सुचलं नव्हतं. एकेकाळी बर्नकडच्या शेतकऱ्यांची ही सकाळची न्याहारी होती, दूध घातलेल्या कॉफीबरोबर. रात्रीचं उरलेलं सकाळी सार्थकी लावायचं, हा हिशेब आपल्या घरांनाही नवा नाही. कच्च्या बटाट्याची रोश्टी करणारेही स्विस आहेत आणि त्यावरून घराघरांत वाद होतात. आजींसमोर मी तो विषय काढत नाही.

रविवारी गेलो. त्यांच्याकडे बिडाचा जड तवा होता. त्यात त्यांनी ‘ब्राटबुटर’ घातलं. डब्यात बोट घालून वास घेतला आणि मला हसूच आलं. लोण्यातलं पाणी आणि दुधाचा अंश काढून टाकलेलं, जरा सौम्य वासाचं, पण तूपच की हे! आठेकशे ग्रॅम बटाट्यांचा कीस, मीठ, आणि दोन-तीन मिनिटं वरखाली. बर्नच्या रीतीप्रमाणे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे पडतात, ते माझ्यासाठी वगळले. मग उलथन्याने कडेकडेने आत लोटत त्याची जाड भाकरी केली, वरून दाबली, आच कमी केली आणि उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं.

“आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही.”

मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आपल्याकडे ‘लक्ष ठेव’ म्हणजे ‘हलवत राहा’. पोहे परता, रवा परता, कीस तर सारखाच परता, खाली लागेल! इथे खाली लागावं हाच सगळा बेत. आधी जोराची चर्र होती, मग ती हळूहळू कोरडी, बारीक होत गेली. कडेला तुपाचे बुडबुडे थांबले आणि भाजल्याचा खमंग वास सुटला. माझा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा आजींनी नुसतं बघितलं.

उलटवायची पाळी त्यांनी माझ्यावर सोपवली. तव्यावर ताट पालथं घालायचं, दोन्ही घट्ट धरून गर्रकन फिरवायचं, आणि ताटातून परत तव्यात सरकवायचं. मी ‘गर्रकन’ऐवजी विचार करत फिरवलं. अर्धी रोश्टी ताटात, पाव शेगडीवर, उरलेली माझ्या बाहीवर. आजींनी शांतपणे सगळे तुकडे गोळा केले (बाहीवरचे सोडून), तव्यात घालून पुन्हा दाबले आणि चमचाभर ब्राटबुटर कडेने सोडलं. दहा मिनिटांनी ती परत सांधली होती.

असल्या साध्या पदार्थावरून देशाच्या भेगेला नाव पडलं आहे. जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागांमधल्या अदृश्य सीमेला इथे ‘रोश्टीग्राबन’ म्हणतात, म्हणजे रोश्टीचा खंदक. तो साधारण झाने नदीच्या काठाने जातो असं मानतात. फ्रेंच भागात तिचंच नाव सारीन होतं. मतदानाच्या दिवशी खंदक ठळक दिसतो. ६ डिसेंबर १९९२ ला युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायचं का, यावर कौल घेतला, तेव्हा देशभरात ५०.३ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले आणि फ्रेंच भाषिक कँटन, म्हणजे इथली राज्यं, मात्र सगळे ‘हो’ म्हणाले. मी नदीपलीकडे फ्रिबूरला जाऊन जेवलोय. तिथेही रोश्टी मिळते आणि लोक चवीने खातात. खंदक पोटात नसावा.

गेल्या हिवाळ्यात आई आली होती. रात्री बटाटे उकडून खिडकीत ठेवले, तर म्हणाली, “अरे, फ्रीज आहे ना?” बाहेर उणे तीन होतं. सकाळी ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि पाचव्या मिनिटाला तिने उलथनं उचललं. मी ते काढून घेतलं. मला स्वतःचंच हसू आलं.

“करपेल रे.”

“करपू दे.”

ताटात पडली ती गोल, तांबूस, काठाला काटेरी कुरकुरीत. आईने तुकडा मोडला, चावला, बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसरा घेतला. लहानपणी तव्याची खरपुडी तिघा भावंडांत वाटताना ती स्वतःला कधी ठेवत नसे.

खाऊन झाल्यावर सवयीने उठली, तवा पुढ्यात ओढला आणि उलथन्याने खरवडायला लागली. तवा कोरडा, चकचकीत होता. काही निघेना.

“खरपुडी कुठे गेली?” तिने विचारलं.

मी तिच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं.