जाजरकोटला सेवेला जाताय? आधी जीपचं भाडं नेरूत म्हणजे नेपाळी रुपयांत ठरवा

परवा रात्री पुण्यात पोचलो, गुडघे अजून धरलेत, पण आत्ताच लिहितोय कारण मार्चमध्ये आमच्याच मंडळीतला म्हणजे चर्चमधला दुसरा गट निघतोय आणि आमचं जे झालं ते त्यांचं होऊ नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३ नोव्हेंबर २०२३ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास पश्चिम नेपाळात जाजरकोट आणि पश्चिम रुकुम या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. दीडशेच्या वर माणसं गेली. घरं दगड-मातीची, माणसं झोपलेली, भिंती अंगावरच आल्या. जी वाचली ती थंडीत ताडपत्रीखाली राहिली आणि त्यातही म्हातारी माणसं, तान्ही मुलं गारठून गेली. पाळकसाहेबांनी हे उपासनेत सांगितलं, नाताळचं सगळं दानार्पण तिकडेच द्यायचं ठरलं आणि जानेवारीच्या शेवटी आम्ही अकरा जण निघालो.

ज्यांनी तिकडची ओळख करून दिली त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जीप थेट गावापर्यंत जाते, चार तास लागतात, आणि सामान पुण्यातूनच आणा. तिन्ही चुकीच्या निघाल्या.

सामानापासून सांगतो. बोहरी आळीतून आम्ही ताडपत्र्या, दोर, टॉर्च आणि महिला मंडळाने गोळा केलेली ब्लँकेटं असे चौदा डाग बांधले. पुणे-लखनौ गाडीत ते चढवताना आणि उतरवतानाच अर्धा जीव गेला, मग बहराइचमार्गे रुपईडिह्याच्या बसवर टाका, बॉर्डरवर परत उतरवा, भन्सार म्हणजे कस्टमला एकेक डाग उघडून दाखवा. मदतीचं आहे म्हटलं की सोडतात असं आम्ही धरून चाललो होतो, तसं नसतं, कागद लागतात, आमच्याकडे नव्हते, आमचीच चूक. अख्खा दिवस त्यात गेला. आणि तीच ब्लँकेटं बॉर्डरपलीकडे नेपाळगंजच्या बाजारात ढिगानं मिळतात! पुण्यातून फक्त पैसे, स्वतःचे कपडे आणि हत्यारं न्या. बाकी काही नको.

अकरा जणांचं म्हणाल तर तेही जास्त झाले. काम होतं तात्पुरते निवारे बांधायचं, आणि पत्रे ठोकायला यायचं ते आमच्यातल्या एकाच काकांना, त्यांचं हडपसरला फॅब्रिकेशनचं काम आहे. बाकी आम्ही दगड उचलत होतो, जे काम गावातल्या बायका आमच्यापेक्षा दुप्पट वेगानं करत होत्या, कपाळाला पट्टा लावून पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली घेऊन. तेव्हा पुढच्या गटात चार जण पुरे, त्यातले दोन तरी मिस्त्री हवेत. तरुण संघातल्या पोरांना वाईट वाटेल, पण वाचलेलं तिकीटभाडं तिकडे पत्र्याला लागू दे.

आता जीप. हे दोनदा वाचा.

नेपाळात दोन रुपये चालतात. आपला तो भारू किंवा आयसी, त्यांचा तो नेरू किंवा एनसी. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर ठरलेलाच आहे. नेपाळगंजला जीपवाल्याने सांगितलं चौदा हजार, एका जीपचे, गावापर्यंत. दोन जीप केल्या. बोलणं हिंदीत झालं, तो नुसतं चौदा हजार म्हणाला आणि आम्ही नेपाळात उभे आहोत म्हणजे नेपाळी रुपये असं समजून हो म्हणालो.

पहाटे निघालो. कोहलपूर, छिंचूपर्यंत रस्ता ठीक. छिंचूला सुर्खेतचा हमरस्ता सुटतो आणि मग भेरी नदीच्या कडेकडेने जायचं, एका बाजूला कडा, एका बाजूला खाली नदी, समोरून ट्रक आला की एकाने मागे यायचं. चार तास म्हणे! जाजरकोटचं मुख्य ठिकाण खलंगा, ते यायलाच अंधार पडला. आमच्यातल्या तिघांना सारख्या उलट्या होत होत्या, अव्होमिन बॅगेत होती आणि बॅग टपावर दोरीने बांधलेली. गोळी खिशात ठेवा आणि जीपमध्ये बसायच्या एक-दोन तास आधी घ्या.

दुसऱ्या दिवशी खलंगाच्या पुढे नुसता डोंगर कापून काढलेला कच्चा रस्ता. दीड तास गेलो आणि दरड आलेली. जीपवाला खाली उतरला, म्हणाला इथून पुढे चालत जा, आणि पैसे मागितले. आम्ही नेरू मोजून दिले तर म्हणतो हे काय, आयसीमध्ये ठरलंय. म्हणजे चौदा हजार नाही, बावीस हजार चारशे नेरू, तेही गाव अजून चार तास लांब असताना. सामान टपावर, दोर त्याच्या हातात, दुपार कलायला लागलेली, बरोबर आजारी माणसं. दिले पैसे. दोन्ही जीपचे मिळून सोळा हजार आठशे नेरू जास्तीचे गेले. लोकांनी दानपेटीत टाकलेले पैसे होते ते, म्हणून अजून झोप लागत नाही. तेव्हा नेरू हा शब्द लिहून, आकडा लिहून, त्याची सही घ्या. अर्धे निघताना, अर्धे सामान खाली उतरल्यावर. आणि जीप खलंगापर्यंतचीच करा, पुढची चौकशी तिथल्या मंडळीकडे करा, त्यांना कुठली दरड कधी आली ते माहीत असतं.

पुढचे चार तास चढ. दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांना जमेल, पण सिंहगडावर पाठीवर वीस किलो नसतात. बूट जुने, पायात बसलेले घाला, मी नवे घातले, दोन्ही टाचा सोलल्या.

गावात पोचल्यावर रविवारची वाट बघू नका. नेपाळात सुट्टी शनिवारची, त्यामुळे मंडळीची उपासना शनिवारीच असते आणि रविवारी सगळे कामावर. भेटले की दोन्ही हात जोडून 'जयमसी' म्हणतात. जेवण दोनदाच, सकाळी नऊ-दहाला आणि रात्री, दालभात, नाहीतर नाचणीचा ढिंडो, आपल्या उकडीसारखाच पण घट्ट. मधे काही मिळत नाही, शेंगदाणे-गूळ खिशात ठेवा.

आणखी एक गोष्ट कडकपणे सांगतो. पत्रकं, शुभवर्तमानाच्या पुस्तिका नेऊ नका. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ आणि त्यांच्या फौजदारी कायद्यातलं कलम १५८ दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घालतं, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. आपण परत येऊ, पण चौकीवर खेटे घालायला लागतील ते तिथल्या पाळकांना. ब्लँकेट देताना आधी प्रार्थना करू या असंही नको. ज्याला थंडी वाजतेय त्याला आधी पांघरूण द्यायचं, कुठल्याही घरचा असो. तिथल्या मंडळीतल्या भावांनी कुणाला मदत द्यायची याची यादी केली होती ती पडलेली घरं बघून केली होती, मंडळीत कोण येतं ते बघून नाही, आणि ते बघून मला फार बरं वाटलं.

सहा दिवसांत नऊ निवारे उभे केले. बांबूचा सांगाडा, वर पत्रा, बाजूने ताडपत्री. शेवटचा एका आजीचा होता, मुलगा कामाला भारतात, सून ढिगाऱ्याखाली गेली, पदरात दोन नातवंडं. तिथे आमचे वायसरवाले खिळे संपले. विकत घ्यायचे तर खलंगा गाठायला हवं आणि हातात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरलेले. काकांनी चार कोपऱ्यांना चार खिळे मारले, बाकी पत्र्यावर दगड ठेवले. आजी स्वतः पडलेल्या भिंतीतले चपटे दगड निवडून वर देत होती, एकेक दगड हातात फिरवून बघायची, डगमगतोय का ते.

घर गावाच्या वरच्या टोकाला आहे, पाण्याच्या धाऱ्याच्या म्हणजे गावच्या नळाच्या मागे, पत्र्यावर दगड दिसतील. मार्चमध्ये जे जातील त्यांनी खलंगात तीन इंची वायसरवाले खिळे दोन किलो घ्या आणि आधी तिकडे जा, कारण उन्हाळ्यात त्या खोऱ्यात वारा सुटतो असं गावातले सगळेच सांगत होते.