नव्याची जुनी

"काकी, तुम्ही सिनेमात कशा काय गेलात?"

हे मला भाजी घेताना विचारलंय, बारशात विचारलंय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलंय. त्यांना मी "आँ आँ" एवढंच सांगू शकले. परवा गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरीनं पुन्हा विचारलं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं.

आधी एक गैरसमज काढून टाकते. मी पडद्यावर दिसत नाही. माझं काम नवे कपडे जुने करायचं. दुकानातून घडीची आणलेली साडी तीन वर्षं नेसल्यासारखी दिसली पाहिजे, सैनिकाचा अंगरखा दोन पावसाळे खाल्लेला वाटला पाहिजे. सेटवर याला एजिंग म्हणतात. कलाकारांचे कपडे सांभाळणारा आमचा ड्रेसदादा नुसतं "वैनी, एवढं मारून द्या" म्हणतो. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "चांगल्या लुगड्याचं मातेरं करायला पैसे देत्यात व्हय गं?" असं त्या दर महिन्याला विचारायच्या.

दुसरा गैरसमज कोल्हापूरच्या रक्ताचा. लोक म्हणतात, हे कलापूर, इथल्या माणसाच्या रक्तातच सिनेमा. बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमे काढले, प्रभात १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला जळला नि पुन्हा उभा राहिला, हे सगळं खरं आहे. पण माझ्या रक्तात फॉल-पिकोच होतं. मोरेवाडीची चित्रनगरी मी चाळिशीपर्यंत आतून बघितली नव्हती.

माहेर जवाहरनगरात. आमच्या शेजारी घरोघरी चपलांचं काम. शाळेच्या सुट्टीत आम्ही पोरी चपलेच्या पट्ट्यावरच्या वेण्या घालायला बसायचो. ओल्या चामड्याच्या बारीक वाद्या, नखं काळी व्हायची आणि आठ दिवस वास जायचा नाही. बारावीनंतर स्टँडजवळ एसटीडी बूथवर बसले. तिथं मी काय शिकले? काही नाही. लोकांची भांडणं ऐकली आणि मीटरचे आकडे बघितले. हल्ली मुलाखतीत सगळे सांगतात, "आयुष्यात केलेलं प्रत्येक काम पुढं उपयोगाला आलं." माझं नाही आलं. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर दोन वर्षं काढली, त्यातलंही काही आलं नाही. पाठ तेवढी गेली.

गांधीनगरला साड्यांच्या काउंटरवर होते ते मात्र आलं. दिवसाला शंभर घड्या मोडायच्या, शंभर पुन्हा घालायच्या. हात लावला की सूत किती नि पॉलिस्टर किती ते कळायला लागलं. लग्न झालं, मालकांचं उद्यमनगरात लेथवर काम, ते कधी दोन पाळ्या तर कधी आठवडाभर बंद. मग मी डबे केले, शिवण केलं, आणि शेवटी मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिको आणि इस्त्री सुरू केली. तिथं दहा वर्षं बसले. बायकांच्या साड्या माझ्या हातात नव्या यायच्या, फॉल लागून जायच्या, आणि दोन-तीन वर्षांनी "फॉल बदलून द्या, खाली विरलाय" म्हणून परत यायच्या. तीच साडी, पण कुठं गेली होती नि काय करून आली होती ते सगळं अंगावर घेऊन. मी काही अभ्यास म्हणून बघत नव्हते. डोळ्यांसमोरून जायचं एवढंच.

२०१६ च्या आसपास कोल्हापूरजवळच्या वसगड्यात एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं आणि वाडा बघायला लोक गाड्या करून यायला लागले. माझी ती मालिका नव्हे. पण त्यानंतर जिल्ह्यात शूटिंगवाल्यांची वर्दळ वाढली, आणि २०१७ च्या दिवाळीआधी त्यातलाच एक जण संध्याकाळी सातला माझ्या दारात उभा राहिला. हातात दोन पिशव्या, तोंडाचं पाणी पळालेलं.

एका मालिकेचा ड्रेसदादा होता. हिरॉइनची सुती साडी, मोरपंखी, बारीक चौकडा, तांबडा काठ. तीन महिने तीच साडी घरातल्या सीनला चालली होती. इस्त्री करणाऱ्या पोराला फोन आला, आणि पदरावर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला. दुकानात तस्सं दुसरं नग मिळालं हे नशीब. पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही कळावं. एकच साडी, पण एक सासरी नांदून आलेली आणि दुसरी पाहुण्यांसमोर दाखवायला बसलेली. अर्धा सीन आधीच शूट झालेला. उरलेला सकाळी सातच्या शिफ्टला.

"वैनी, सकाळपर्यंत हिची ती करून द्या. न्हाईतर माझी नोकरी जाते बघा."

मी "होत नाही" म्हणणार होते. दिवाळीचे चाळीस फॉल पडले होते. पण त्यानं जळकी साडी उलगडली आणि मला ती वाचताच आली. काठ खालून झिजलेला, पण फक्त उजव्या पायाच्या टाचेकडं. पदराच्या टोकापासून दीड वीत नि चार बोटांवर तेलाचा डाग. कमरेच्या खोचणीला आडवी फिकट रेघ. म्हटलं, बघू या.

आधी खळ काढायची. हंड्यात पाणी उकळून धुण्याचा सोडा टाकला, साडी बुडवली, परसातल्या दगडावर आपटली. दुसऱ्या पाण्याला तांबड्या काठानं रंग सोडला आणि मोरपंखी अंगावर हातभर गुलाबी ढग आला. मी मटकन खाली बसले. मीठ, थंड पाणी, पुन्हा मीठ. ढग फिका झाला, गेला नाही. मग इस्त्रीच्या पाण्याच्या पंपात अगदी पातळ ब्लीच घेऊन खांद्यावर नि पाठीवर फवारा मारला, कारण ऊन तिथं लागतं, मांडीवर लागत नाही. दहा पाण्यांतून काढली. टाचेकडचा काठ पॉलिश पेपरनं घासला, मग खोबऱ्याच्या किसणीवर हलकेच ओढला. खोचणीची रेघ गरम इस्त्रीनं नि ओल्या फडक्यानं आणली. तेलाचा डाग शेवटी, वीत नि बोटं मोजून. पहाटे पाचला वाळत घातली ती पंख्याखाली. मालक उठले, बघितलं, आणि "ही कुणाची खराब केलीस?" म्हणाले. त्या क्षणी मला कळलं की जमलं.

सेटवर कुणाला काही कळलं नाही. या कामात कळलं नाही हीच पावती. तो गुलाबी ढग तेवढा राहिला होता, डाव्या कुशीला. त्यावर ड्रेसदादानं डोकं लढवून हिरॉइनच्या कमरेवर कळशी दिली. पुढं चार-पाच भाग ती बाई काही कारण नसताना कळशी घेऊन फिरत होती. मला ७०० रुपये मिळाले. मग तो आठवड्याला यायला लागला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं सिनेमावाल्याला. ओळख-बिळख म्हणाल तर एवढीच.

पहिलं मोठं काम मी बिघडवलं, तेही सांगते. खेड्यातल्या गरीब घरच्या बायकांच्या अकरा साड्या होत्या. मी सगळ्या चहाच्या पाण्यात बुडवल्या, वरून माती चोळली, खूश होऊन घेऊन गेले. तिथल्या वयस्कर कलादिग्दर्शकांनी एक साडी उचलली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, ही जुनी नाही, मळकी आहे. गरीब बाई मळकी असते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला लाज वाटली, कारण उत्तर माझ्याच घरात होतं. उद्यमनगर बंद असायचं त्या दिवसांत माझ्याकडं बाहेर नेसायच्या दोन साड्या होत्या. एक अंगावर, एक दोरीवर. रोज धुतलेली. गरिबाची साडी मळत नाही, विरते. धुऊन धुऊन तिचा रंग जातो, पोत जाळीसारखा होतो, आणि फाटली की त्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेली असते, कारण दिसू नये ही इच्छा असते. मोठ्ठं वेगळ्या रंगाचं ठिगळ फक्त सिनेमात असतं. तेव्हापासून माझं दिग्दर्शकांशी भांडण चालू आहे. त्यांना गालाला काजळी, साडीला चिखल हवा असतो, म्हणजे कॅमेऱ्यात गरिबी लगेच कळते. मी म्हणते, साहेब, चिखल शेतात असू दे, घरी आली की ती बाई पाय धुते. दहातले तीन ऐकतात.

पिनांचंही तेच. शेतात राबणारी बाई पदराला पिना लावत नाही, ती पदर खोचते. हिरॉइनच्या खांद्यावर मात्र चार पिनांची भोकं असतात. शिक्षिका, नर्स, एसटीनं नोकरीला जाणारी असेल तर भोकं पाहिजेतच, उलट नसली तर मी पाडते.

आणि चिखल लावायचाच, तर कुठला, ते विचारून घेते. पन्हाळा-शाहूवाडीकडची माती तांबडी, ती कापडात शिरली की जन्माची. शिरोळची काळी, ती वाळली की खपल्या होऊन गळते आणि मागं करडा डाग ठेवते. माझ्या जिन्याखाली दोन्हींची पोती आहेत. घरात येणारा पाहुणा आधी त्यालाच ठेचकाळतो. एकदा गोष्ट शिरोळकडच्या ऊसतोडीची आणि कपड्यांना तांबडा रंग मारून ठेवलेला. मी म्हटलं, हे लोक ऊस तोडायला तांबड्या मातीच्या आंबा घाटावरनं चालत आले काय? सहायक पोरगं पुण्याचं होतं, त्याला काही कळलं नाही. ड्रेसदादा हसून हसून मोडला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. नदीकाठच्या पेठेत नणंदेचं घर, चार दिवस पाण्यात. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाट उघडलं तर खालच्या दोन कप्प्यांतल्या साड्या गाळाच्या विटा झालेल्या. तिच्या लग्नाचा शालू मी सात वेळा धुतला. गाळाची कड असते ना, पाणी जिथं थांबलं तिथं एक गडद रेघ, ती कशानंच जात नाही. दोन वर्षांनी एका सिनेमात पुराचं घर होतं. मी ती रेघ हुबेहूब आणली, कॉफी नि काळी माती डिंकाच्या पाण्यात कालवून. सगळ्यांनी वाहवा केली. नणंदेला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पैशांचंही विचारता, म्हणून सांगते. बिल दिलं की पैसे ९० दिवसांनी. एका निर्मात्यानं माझ्या तीन महिन्यांच्या कामाचे पैसे बुडवले, फोन उचलायचा बंद झाला. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं तेव्हा मी मास्क शिवले. २०२१ ला राज्यात पुन्हा बंदी आली आणि मालिका गोव्याकडं, हैदराबादकडं गेल्या, तेव्हा परत फॉल लावले. ती पिकोची मशीन मी विकलेली नाही, आणि विकणारही नाही. ज्यांना हे काम ग्लॅमरचं वाटतं त्यांनी माझी बोटं बघावीत. वेण्या घालताना काळी व्हायची तशीच आहेत.

तर परवाची ती पोरगी. बी.ए. दुसऱ्या वर्षाला, म्हणाली, काकी मला यायचंय तुमच्याबरोबर, काय कोर्स करू? मी तिला काही सांगितलं नाही. आत गेले, माझ्या गठ्ठ्यातली एक जुनी इरकल आणून तिच्या मांडीवर टाकली. हा गठ्ठा मी भांडीवालीकडून नि बोहारणीकडून जमवलेला, नमुन्याला. म्हटलं, ही नेसणारी बाई कोण ते सांग.

पोरगी आधी लाजली. मग उलगडायला लागली. काठ बघितला, खांदा बघितला, काही बोलली नाही. मी चहा टाकायला गेले. परत आले तर ती पदराचं टोक खिडकीजवळ उजेडात धरून बसलेली. टोक चुरगळून कडक झालेलं, आणि मधे पैशाएवढा तांबूस डाग.

"काकी, ही पदराला किल्ली बांधत होती. लोखंडी. ओल्या हातानं."

"कशाची किल्ली?"

तिनं टोक पुन्हा नाकाजवळ नेलं. "कोठीची असणार. गुळाचा वास येतोय अजून."

तो वास मला आठ वर्षांत आला नव्हता. मी घेऊन बघितला, तरी आला नाही. म्हटलं, सोमवारी साडेसहाला ये, मोरेवाडीला जायचंय. जुने कपडे घालून ये, आणि डबा आण. तिथल्या भाजीत मीठ नसतं.

"जुने म्हणजे विरलेले का मळके?" पोरगी म्हणाली.

चार दिवस झाले, अजून हसू येतंय.