सोनटक्का आणि वरच्या मजल्याचं पाणी

परवा दुपारी मागचं दार उघडलं, तर सोनटक्क्याची पानं कडांनी करपलेली. एप्रिलमध्ये हे व्हायचंच, पण गेली दोन वर्षं झालं नव्हतं.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. मागे दोन इमारतींच्या मधली चिंचोळी पट्टी, तिथे ऊन सकाळी तासभर पाहुण्यासारखं येऊन जातं. नर्सरीवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मनी प्लांट पुढे केला. सावली म्हटली की मनी प्लांट, असा त्यांच्या धंद्यातला नियमच असावा. मी हट्टानं कोकणातून सोनटक्क्याचे चार गड्डे आणले, वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. आल्याच्याच कुळातला तो. शेजारच्या बाईंनी आलं समजून भावही विचारला.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली, माणसाच्या खांद्याला लागतील एवढी. फूल एक नाही. सावली आवडते म्हणजे अंधार आवडतो असं नाही, हे कळायला मला एक पावसाळा गेला. मग गड्डे उचलून त्या तासभराच्या उन्हाच्या वाटेत आणले. भाद्रपदात पहिलं कणीस आलं.

मूळचा हा पूर्व हिमालयाकडचा, ओलसर रानाच्या कडेला राहणारा. तिकडून कुठे कुठे गेला म्हणता? क्यूबाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. फुलपाखरासारखं दिसतं म्हणून तिथे त्याला मारिपोसाच म्हणतात. हवाईत मात्र तो रानोमाळ माजलाय आणि लोक उपटून उपटून थकलेत. माझ्या लेखी त्याचा एकच पत्ता: आजीच्या न्हाणीमागची मोरी. आंघोळीचं पाणी जिथे जाऊन मुरायचं, तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का, अशी त्यांची बिनभाड्याची चाळ होती. कोणी मुद्दाम कधी पाणी घातलं नाही. आजी दिवेलागणीच्या आधी उमलायच्या बेतातल्या कळ्या काढायची आणि ओल्या फडक्यात ठेवायची. रात्री माजघरात त्या एकेक उघडायच्या. आम्ही पोरं फुलाची लांब नळी तोडून टोकाकडून चोखायचो, थेंबभर गोड लागायचं. आजीनं पाहिलं की, "देवाच्या आधी तुम्ही!" तरी सकाळी त्यातलंच एक फूल माझ्या वेणीत खोवायची. शाळा सुटेपर्यंत ते मलूल, पिवळसर होऊन जायचं.

नावाचं मात्र मला कधी पटलं नाही. पांढरंशुभ्र फूल, आणि सोनटक्का! सोनं त्यात टक्काभरही नाही. कोमेजताना येतो तो पिवळेपणाच सोनं म्हणून धरला असेल, तर ज्यानं नाव ठेवलं तो फारच सावकाश बघणारा माणूस असणार.

तर करपलेली पानं. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या एसीचं पाणी उन्हाळाभर थेट त्या गड्ड्यांवर ठिबकायचं. म्हणजे इथेही ती मोरीच होती, फक्त वरून येणारी. दोन उन्हाळे तो हिरवागार राहिला आणि मी मात्र माझ्या हाताला गुण आहे असं समजत होते. यंदा काकांनी पाण्याला नळी लावून ती थेट गटारात सोडली. जिन्यात भेटले तेव्हा खूश होते. "आता तुम्हाला त्रास नाही हं ताई."

मी म्हटलं, "बरं झालं काका."

आता रोज सकाळी दोन तांबे पाणी नेऊन घालते. काल रात्री उकाडा होता. वर एसी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी उगाचच दाराशी जाऊन उभी राहिले. नळी जरा अलीकडे सोडा, असं काकांना सांगावंसं फार वाटतं. पण कुठल्या तोंडानं सांगू? सोसायटीच्या वहीत दोन वर्षं ठिबकण्याची तक्रार मीच तर लिहीत होते.