रिहॅब बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर: आधी कॉमन मीटर, मग लिफ्टची बॅटरी

झोपडीतून सातव्या मजल्यावर गेलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर एक नवं बिल येतं: लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं. वीस-पंचवीस घरांनी मेन्टेनन्स थकवला की कॉमन मीटरचं बिल राहतं, मग लिफ्ट बंद होते. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि दिवस भरलेल्या बाईचं घराबाहेर पडणंच थांबतं. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतल्या रिहॅब इमारतीत किंवा म्हाडाच्या लहान घरांच्या इमारतीत सोलरचा पहिला उपयोग इथे आहे. प्रत्येक घराचं बिल शून्य करण्याचं आश्वासन घेऊन कोणी आलं, तर त्याला आधी गच्ची मोजायला लावा.

हिशेब साधा आहे. तळमजल्यासह आठ मजले, मजल्याला ८ घरं, म्हणजे ६४ घरं. अशा इमारतीची गच्ची साधारण ३०० चौरस मीटर भरते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, जिन्याची केबिन आणि अग्निशमन दलासाठी मोकळी ठेवायची वाट वजा केली की हातात राहते निम्मी. एका किलोवॅटला, दोन रांगांमधलं अंतर धरून, १० चौरस मीटर लागतात. म्हणजे फार तर १५ किलोवॅट. मुंबईत एक किलोवॅट वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट देतो. १५ किलोवॅटचे महिन्याला सरासरी १,७०० युनिट झाले, घरटी २६. हीच इमारत २३ मजली असेल तर गच्ची तेवढीच, घरं १८४, आणि घरटी वाटा ९ युनिटांचा. एवढ्याने पंख्याचंही भागत नाही.

कॉमन मीटरचं गणित मात्र उलटं आहे. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. छोट्या घराचा मासिक वापर पहिल्या दोन टप्प्यांत राहतो. सोसायटीची लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे हेही घरगुती दरातच मोडतात, पण एकाच मीटरवर ८००-९०० युनिट जमले की शेवटचे युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडतात. सोलरने कमी होतात ते आधी हेच युनिट. गच्चीवरचा तोच एक युनिट घराच्या मीटरवर कमी रुपये वाचवतो आणि कॉमन मीटरवर जास्त. बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण, या चार वीज कंपन्यांचे दर वेगळे आहेत, म्हणून हिशेब आपल्याच बिलावरून करायचा. स्थिर आकार सोलरनंतरही भरावा लागतो, हे सभेत आधीच सांगून ठेवा.

किती बसवायचं ते गच्चीच्या मापावर ठरवू नका. कॉमन मीटरची मागची १२ बिलं काढा, युनिटांची बेरीज करा आणि १,३५० ने भागा. महिन्याला ९०० युनिट, म्हणजे वर्षाला १०,८००, म्हणजे ८ किलोवॅट. ५४० वॅटची १५ पॅनेल लावली की ८.१ किलोवॅट होतात. विक्रेता १५ किलोवॅटचा आग्रह धरेल, पण नेट मीटरिंगमध्ये (कंपनीकडून घेतलेल्या युनिटांतून गच्चीवरून परत दिलेले वजा करून बिल करण्याच्या पद्धतीत) जादा युनिट महिन्यामागून महिना पुढे जमा होत असले तरी ३१ मार्चला उरलेले युनिट कंपनी नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, आणि तो दर तुमच्या महागड्या टप्प्याच्या जवळपासही नसतो. एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरले जावेत, एवढंच माप बरोबर. जुलैचं उत्पादन एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास उतरतं. ते बिघाडाचं लक्षण समजून कोणी पॅनेल उघडायला लावू नये.

आठ किलोवॅटचा आणखी एक फायदा आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही आणि मंजूर भार वाढवायचा असेल तर तो कंपनीनेच वाढवायचा आहे. पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे सुमारे १ लाख ४५ हजार. त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, आणि विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला लागतो. त्याने पाच वर्षं देखभाल करायची आहे. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

अर्ज अडतो तो कागदांवर. पुष्कळ रिहॅब इमारतींत कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो, कारण हस्तांतर कधी पूर्णच झालेलं नसतं. अनुदान ज्याच्या नावाचा मीटर त्याच्याशी जोडलेलं. म्हणून पहिलं काम नावबदलाचं आणि थकबाकी भरण्याचं, पॅनेलचं नंतर. दुसरी भानगड म्हणजे मीटर तीन असतात: एक लिफ्टचा, एक पंपाचा, एक जिन्याचा. सोलर त्यांतल्या एकालाच जोडलं जातं. तिन्ही भार एकत्र करण्याचा अर्ज आधी द्या. एकत्र केल्यावर महागडा टप्पा लागतो म्हणून सोसायट्या घाबरतात, पण सोलर चालू झालं की निव्वळ युनिटच खाली येतात. फक्त दोन्ही कामांत सहा महिन्यांचं अंतर पडू देऊ नका, नाहीतर मधली बिलं जड जातात. आणि वार्षिक सभेच्या १४ दिवसांच्या नोटिशीत हा विषय स्वतंत्र कलम म्हणून यायला हवा. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेला ठराव नंतर कोणीही उखडतो.

आता सावली. झोपु योजनेच्या भूखंडावर रिहॅब इमारतीशेजारी बिल्डरच्या विक्रीच्या घरांचा टॉवर उभा असतो, तिच्यापेक्षा कितीतरी उंच. तो दक्षिणेला असेल तर सावध. २२ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. तुमच्या गच्चीपेक्षा ६० मीटर उंच टॉवरची सावली त्या वेळी उत्तरेकडे ५५ मीटर पडते. तोच टॉवर उत्तरेला असेल तर दुपारची फिकीर नाही. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, पण सावली तेव्हा आखूडच असते. पूर्व-पश्चिमेचा टॉवर सकाळचे किंवा संध्याकाळचे दोन-तीन तास खातो. विक्रेत्याने मे महिन्यात काढलेला गच्चीचा फोटो या बाबतीत काहीच सांगत नाही. डिसेंबरात ९, १२ आणि ३ वाजता खडूने सावलीची रेघ मारा, किंवा सावलीचा अहवाल मागा. टॉवर अजून बांधून व्हायचा असेल तर त्याची मंजूर उंची विचारा. गच्चीच्या एका कोपऱ्यावर सावली टाळता येत नसेल, तर तिथली पॅनेल इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या) वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे स्वतंत्र नियंत्रणाच्या जोडणीवर, घ्या. एकाच मालिकेत, म्हणजे एकामागे एक, उन्हातली आणि सावलीतली पॅनेल जोडली की सगळी मालिका मंदावते. डिश अँटेनांचीही सावली पडते, आणि रिहॅबच्या गच्चीवर त्या डझनांनी असतात. त्या कठड्यावर हलवायचं काम पॅनेलच्या आधी, घराघरांशी बोलून.

गच्चीला भोकं पाडू देऊ नका. कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की वरच्या मजल्यावरच्या घराचं छत पहिल्याच पावसात ठिबकतं, आणि सोसायटीत सोलरचा विषय कायमचा बंद होतो. सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करायचा. ४० सेंटिमीटरचा एक घनाकार ठोकळा साधारण १५० किलोचा होतो. किती लागतील ते वाऱ्याच्या गणितावरून ठरतं: भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, आणि उंचीप्रमाणे तो वाढतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले होते. म्हणून उंच गच्चीवर पॅनेलचा कल १८-२० अंशांऐवजी १०-१२ अंश ठेवला तर उत्पादनात थोडं कमी होतं, पण वारा बराच कमी धरला जातो. ठोकळ्यांचं वजन स्लॅबला झेपतं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), बोल्ट स्टेनलेसचे. रंग दिलेलं साधं लोखंड खाऱ्या हवेत फार टिकत नाही. पैसे जमत असतील तर सांगाडा अडीच मीटर उंच करा. खाली वाळवण, कपडे, हळदीचा मांडव सगळं चालू राहतं, आणि गच्ची गेली म्हणून होणारा विरोध मावळतो.

तारांमध्ये आग लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) एकमेकांत बसवणं. ते बसतात, पण आतला संपर्क पक्का नसतो, तापतात आणि वितळतात. अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे: पॅनेलच्या बाजूचा, इन्व्हर्टरच्या बाजूचा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. गच्चीपासून तळापर्यंत अर्थिंगची पट्टी उतरवण्याचा खर्च कोटेशनमधून हमखास गळलेला असतो.

बॅटरीबद्दल मोठा गैरसमज आहे. साधा ग्रिडला (कंपनीच्या वीजजाळ्याला) जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेल्यावर भर उन्हातही बंद होतो. रस्त्यावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तेव्हा लिफ्ट चालायची असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरी लागते. मुंबईत वीज क्वचित जाते, आणि नेट मीटरिंग असताना रात्रीसाठी युनिट साठवण्यात पैसे वाचत नाहीत, हेही खरं. पण १२ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या शहराहून जास्त भाग काही तास अंधारात गेला होता. त्याहून नेहमीचं म्हणजे तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पाणी शिरतं आणि कंपनी स्वतःच पुरवठा तोडते. त्यासाठी बॅटरी लहानच घ्यावी, आणि ती फक्त एक लिफ्ट, एक पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी. योजनेचं अनुदान बॅटरीला नाही, म्हणून तिचं कोटेशन वेगळं मागा.

५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या मिळून १० युनिट साठवतात, वापरायला ९ धरा. ५ अश्वशक्तीचा पंप तासभर चालला की ४ युनिट. सहा माणसांच्या लिफ्टची एक वर-खाली फेरी सुमारे ०.०५ युनिट, म्हणजे ६० फेऱ्यांचे ३. दहा वॅटचे २० दिवे पाच तास, १ युनिट. एकूण ८. साठा पुरतो, अडतं ते सुरू होतानाच्या झटक्यात. थेट चालू होणारी पंपाची मोटर सहापट प्रवाह ओढते, बॅटरीचं संरक्षण तिला तोडतं आणि सगळं बंद पडतं. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र) बसवा आणि लिफ्ट-पंप एकाच क्षणी सुरू होणार नाहीत असं इंटरलॉक करा. लिफ्ट जुनी दोन-वेगी मोटरची असेल तर आधी व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह (लिफ्टसाठी तसंच यंत्र) आणि ब्रेकिंग रेझिस्टर (मोटरकडून परत येणारी वीज उष्णतेत घालवणारा भाग) बसवा. भरलेली लिफ्ट खाली उतरताना मोटरच वीज तयार करते, आणि ती इन्व्हर्टरमध्ये शिरली की तो ट्रिप होतो. तीन फेजच्या तारांचा क्रम उलटा लागला तर पंप उलटा फिरतो आणि टाकी भरत नाही, लिफ्टचा रिले तर तिला हलूच देत नाही. लिफ्टच्या पॅनेलला हात परवानाधारक लिफ्ट कंत्राटदारानेच लावायचा. एआरडी (वीज गेल्यावर अडकलेली लिफ्ट सोडवणारी यंत्रणा) असेल तर ती लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते, एवढंच. ते काम संपल्यावर बॅटरीवर लिफ्ट आपोआप पुन्हा सुरू होते का, हे कंत्राटदाराच्या समोर मेन स्विच पाडून बघा.

फायर पंपाला या बॅटरीवर घेऊ नका, त्याची स्वतंत्र लाइन आहे तशीच राहू द्या. बॅटरी आणि बॅकअपचा डीबी (स्विचांची पेटी) तळमजल्यावर नको, मीटर रूममध्ये तर नकोच. वरच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळती असलेल्या आणि जिन्याची वाट न अडवणाऱ्या जागी ठेवा. तळाशी मोठ्या अक्षरांत पाटी हवी की इमारतीत वीजपुरवठ्याची दुसरी जागाही आहे, आणि तिचा तोडस्विच कुठे आहे.

रिहॅब इमारतीत भाडेकरूही बरेच असतात. मेन्टेनन्स कमी झाला तर त्याचा फायदा मालकाला, भाडेकरूला नाही. लिफ्ट आणि पाणी मात्र दोघांना सारखंच मिळतं, आणि म्हणूनच मला बॅटरीचा खर्च योग्य वाटतो. गच्चीवर जागा उरली आणि घराघरांच्या बिलात युनिट वाटायचे असतील तर त्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग लागतं. दिल्लीत त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ सालीच आली. आपल्या वीज कंपनीला लेखी पत्र देऊन असा अर्ज घेतला जातो का ते विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच वाढीव पॅनेलचे पैसे मोजा.

पैसे नसलेल्या सोसायटीकडे 'शून्य गुंतवणूक, फक्त युनिटचे पैसे द्या' असा करार येतो. तो वाईटच असतो असं नाही, पण २०-२५ वर्षांचा असतो, आणि तेवढ्या काळात इमारत पुनर्विकासाला जाऊ शकते. पॅनेल उतरवण्याचा खर्च कोणाचा, दर दरवर्षी किती टक्के चढतो, ठरलेले युनिट वापरले नाहीत तरी पैसे द्यायचे का, आणि गळती झाली तर दुरुस्ती कोणाची, ही चार उत्तरं करारात नसतील तर सही करू नका. स्वतःचे पैसे घालत असाल तर बचतीतून आधी कर्जाचा हप्ता, मग दर महिन्याला इन्व्हर्टर बदलण्यासाठी वेगळी रक्कम, कारण तो ८ ते १२ वर्षांत जातो. कॉर्पसच्या (सोसायटीच्या राखीव निधीच्या) मुद्दलाला हात नको. पॅनेल पंधरवड्याला पालिकेच्या पाण्याने धुवा, बोअरवेलच्या पाण्याने काचेवर क्षार बसतात. जनरेशन मीटरचा (सोलरने बनवलेले युनिट मोजणाऱ्या मीटरचा) आकडा दर १ तारखेला नोटीस बोर्डावर लागू द्या. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली की कोणती मालिका बंद पडली आहे ते विक्रेत्याच्या आधी सोसायटीला कळतं.